चित्रकार लिहितो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दृश्यकलावंतांनी आजच्या कलेविषयी आणि समाजाविषयी लिहिताना येणाऱ्या अडचणींवर वाचकांनी प्रश्न पाठवले होते. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : चित्र स्वतःच बोलते, असे आम्हाला शिकवले गेले. मग चित्रकाराने लेख कशाला लिहायचे? लिहिल्याने चित्राचा अर्थ बांधला जात नाही का?

चित्राचा अर्थ सांगायला बसलात तर नक्की बांधला जाईल. पण चित्रकारांचे जे लेखन टिकले, ते वाचून पाहा. स्वतःच्या चित्राचा अर्थ त्यात फार थोडा सापडतो. फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने १८२२ साली रोजनिशी सुरू केली, १८२४ मध्ये ती थांबली, १८४७ मध्ये त्याने ती पुन्हा हाती घेतली आणि १८६३ साली मृत्यू येईपर्यंत चालवली. त्यात रंगांच्या मिश्रणाच्या नोंदी आहेत, पाहिलेल्या चित्रांवरचे विचार आहेत, संगीत आहे, माणसे आहेत. व्हॅन गॉगची आठशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. पत्रातल्या काही रेखाटनांत त्याने त्या त्या जागी रंगाचे नावच लिहून ठेवले आहे. काम कसे घडते याची नोंद ठेवणारे लेखन, हा झाला पहिला प्रकार.

दुसऱ्या प्रकारचे लेखन इतरांच्या कामाकडे पाहता पाहता स्वतःची वाट शोधते. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक १९५६ साली गेला. १९५८ मध्ये अॅलन काप्रो या चित्रकाराने त्याच्या वारशावर एक निबंध लिहिला. पोलॉकची चित्रे इतकी पसरली आहेत की ती भिंत सोडून खोलीत येऊ पाहतात, तेव्हा पुढच्या कलावंताने खोली, वस्तू, आवाज, वास, हालचाल हेच माध्यम मानावे, असे त्याचे म्हणणे होते. १९५९ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये 'हॅपनिंग', म्हणजे प्रेक्षकांसमोर घडणारी कलाकृती, सादर केले. विचार आधी कागदावर उतरला आणि मग काम उभे राहिले.

तिसऱ्या प्रकारात कला ज्या व्यवस्थेत जगते, त्या व्यवस्थेची तपासणी असते. ब्रायन ओ'डोहर्टी स्वतः कलावंत होते. १९७६ साली त्यांनी 'आर्टफोरम' या कलानियतकालिकात कलादालनाच्या पांढऱ्या भिंतींवर लेखमाला लिहिली. खिडक्या नसलेली, बाहेरच्या जगाची चाहूल लागू न देणारी ती खोली आत ठेवलेल्या वस्तूला मोल कसे चढवते, ते त्यांनी उलगडून दाखवले. बडोद्याहून गुलाम मोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात 'वृश्चिक' हे छोटे नियतकालिक चालवले. कलासंस्थांच्या कारभारावर कलावंतांनीच बोलण्याची जागा त्यातून तयार झाली.

तुम्हाला यांपैकी काय लिहायचे आहे ते आधी ठरवा. अर्थ सांगण्याचे काम प्रेक्षकावर सोपवायला हरकत नाही.

प्रश्न : प्रदर्शनासाठी स्टेटमेंट, म्हणजे स्वतःच्या कामाविषयीचे निवेदन, लिहिताना वाक्ये जड होत जातात. मी लिहिलेले मलाच नंतर कळत नाही. कसे लिहावे?

या विषयावर सर्वांत जास्त पत्रे आली, म्हणून सविस्तर लिहितो. नेहमी आढळणारे एक वाक्य घेऊ :

'माझे काम विस्थापन, स्मृती आणि अस्मिता यांच्या परस्परसंबंधांचा शोध घेते आणि अवकाश व काळ यांच्या सीमारेषांवर प्रश्नचिन्ह उभे करते.'

हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही कलावंताच्या नावाखाली छापले तरी खपून जाईल. हीच त्याची परीक्षा. दुसऱ्याचे नाव घालून जे वाक्य तितकेच खरे राहते, ते काढून टाका. आता त्याच कामाचे, म्हणजे उदाहरणादाखल कल्पिलेल्या एका मांडणीशिल्पाचे, दुसरे निवेदन पाहा :

'रस्तारुंदीत पाडलेल्या घरांची ११ दारे. बिजागऱ्या तशाच आहेत, जुना रंग खरवडलेला नाही. प्रत्येक दार छतापासून तारेने टांगले आहे आणि जमिनीपासून १२ सेंटिमीटर वर तरंगते. पुढे जायचे तर प्रत्येक दार हाताने बाजूला सारावे लागते. पाचव्या दाराच्या आतल्या अंगाला मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. सर्वांत वरच्या खुणेपुढे तारीख नाही.'

'स्मृती' आणि 'विस्थापन' हे शब्द यात कुठेच नाहीत, तरी त्या दोन्ही गोष्टी वाचकापर्यंत पोहोचल्या. यापुढे फार तर एक वाक्य जोडा, तेही फक्त तुम्हीच सांगू शकाल असे : दारे कुठून आणली, कोणी दिली, कोणी द्यायला नकार दिला.

लिहिण्याची पद्धत अशी. कामासमोर न बसता, आठवणीतून त्याबद्दलच्या दहा गोष्टी लिहा. फक्त दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या किंवा हाताळता येणाऱ्या गोष्टी घ्या. मग कामासमोर जाऊन यादी पडताळा. जिथे आठवण आणि वस्तू जुळत नाहीत, तिथे बहुतेक वेळा लिहिण्याजोगे काही दडलेले असते, कारण तिथे तुमचा इरादा आणि प्रत्यक्ष काम वेगळे झालेले असते. त्यानंतर मसुदा करा आणि त्यातली क्रियापदे अधोरेखित करा. 'शोध घेते', 'भाष्य करते', 'संवाद साधते', 'वेध घेते' अशी चारपाच निघाली की समजावे, काम प्रत्यक्षात काय करते हे अजून लिहिलेले नाही. दार लोंबते, रंग ओघळतो, कागद पिवळा पडतो, प्रेक्षकाला वाकावे लागते, ही खरी क्रियापदे.

मजकूर तीन मापांत तयार ठेवा : ५० शब्द निमंत्रणासाठी, १५० भिंतीसाठी, ५०० कॅटलॉगसाठी. पाचशेला कात्री लावून पन्नास करू नका. कापाकापीत तपशील गळतात आणि मोठमोठी नामे तेवढी उरतात. पन्नास शब्द नव्याने लिहा आणि त्यात एकच वस्तू ठेवा. भिंतीवरचा मजकूर उभ्याने वाचला जातो, म्हणून १५० शब्दांच्या पुढे जाऊ नका, आणि तक्त्याचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येऊ द्या. प्रेक्षकांत चाकाच्या खुर्चीवरून येणारे किंवा लहान मुले असतील तर तो आणखी खाली घ्या, नाहीतर मोठ्या अक्षरांतली छापील प्रत हाती द्या. फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्या भिंतीवर देखणी दिसतात आणि वाचता येत नाहीत.

ही जड भाषा येते कुठून, हेही सांगायला हवे. २०१२ साली अॅलिक्स रूल आणि कलावंत डेव्हिड लेव्हिन यांनी दालनांच्या इंग्रजी प्रसिद्धिपत्रकांचा मोठा साठा तपासून दाखवले की, कलाजगतात एक वेगळीच इंग्रजी तयार झाली आहे. विशेषणांची नामे होतात, वाक्ये लांबतात आणि साध्या गोष्टीला अमूर्त जोडीदार चिकटवले जातात. आपण त्याच पत्रकांची छाया मराठीत आणतो. नवशिक्याला वाटते की, असे लिहिले नाही तर गंभीरपणे घेतले जाणार नाही. ही भीती समजण्यासारखी आहे, कारण निवड समित्यांनाही त्या भाषेची सवय झालेली असते. तरीही शंभर अर्जांत ज्या अर्जातले काम डोळ्यांसमोर उभे राहते, तोच लक्षात राहतो.

प्रश्न : स्टेटमेंट संगणकाच्या भाषायंत्राकडून (एआयकडून) लिहून घेतले तर?

शुद्धलेखन तपासायला, लांबलेले वाक्य दाखवून द्यायला ते उपयोगी आहे. पण तुमचे काम त्याने पाहिलेले नसते. तुम्ही त्याला 'स्मृती आणि शहर' एवढेच दिलेत, तर ते तुम्हाला वरच्या पहिल्या नमुन्यासारखे वाक्य देईल, कारण तसली वाक्येच जगात जास्त आहेत. दहा तपशिलांची यादी तुम्हाला स्वतःच करावी लागेल, आणि ती झाली की मजकूर जवळपास तयारच असतो.

प्रश्न : सामाजिक विषयावर लिहिले की माझा लेख पत्रकासारखा होतो. एका संपादकाने 'हे भाषण आहे' म्हणून परत पाठवला. राग खरा आहे, पण लेख उभा राहत नाही. काय चुकते?

राग खरा असल्यामुळेच हे होते. लेख निष्कर्षापासून सुरू होतो आणि वाचकाला मान हलवण्याखेरीज काही काम उरत नाही. चित्र काढताना तुम्ही असे करत नाही. तिथे एक कोपरा, एक पृष्ठभाग, एक वस्तू धरून पुढे जाता. लेखातही तेच करा.

हान्स हाक्के या कलावंताचे १९७१चे काम पाहा. त्यात मॅनहॅटनमधल्या एकाच घरमालक समूहाच्या इमारतींची १४२ छायाचित्रे होती. प्रत्येक छायाचित्राखाली टाइप केलेला मजकूर : पत्ता, भूखंडाचा आकार, कागदोपत्री मालक, मिळकत कधी घेतली, गहाण किती, करासाठी ठरलेले मूल्य किती. सगळी माहिती सरकारी दप्तरातली, कोणीही जाऊन पाहावी अशी. 'शोषण' हा शब्द लिहायची गरजच पडली नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांआड तीच ती माणसे आहेत, हे प्रेक्षकाला स्वतः वाचून कळत होते. गुगनहाइम संग्रहालयाने प्रदर्शन रद्द केले आणि त्या कामाची बाजू घेणाऱ्या क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणाऱ्याला, नोकरी गमवावी लागली. नुसत्या तक्त्याची एवढी धास्ती घेतली गेली.

मोजण्याचे दुसरे उदाहरण गरिला गर्ल्स या निनावी कलावंत-गटाचे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात फिरून त्यांनी मोजदाद केली आणि १९८९ साली भित्तिपत्रक काढले : आधुनिक कलेच्या विभागांत ५ टक्क्यांहून कमी कलावंत स्त्रिया, पण नग्नचित्रांपैकी ८५ टक्के स्त्रियांची. या आकड्यांना वजन येते ते 'आधुनिक कलेच्या विभागांत' या तीन शब्दांमुळे. कुठे मोजले हे पत्रकावरच आहे. म्हणून कोणालाही पुन्हा मोजता येते, आणि गटाने स्वतःही ते केले. २०१२ साली ही टक्केवारी ४हून कमी आणि ७६ निघाली. तुमच्या लेखात 'स्त्री-कलावंतांना फारच कमी स्थान मिळते' असे वाक्य असेल, तर ते खोडा. गेल्या पाच वर्षांतल्या एखाद्या वार्षिक प्रदर्शनाचे कॅटलॉग काढा, नावे मोजा, एकूण किती त्यांपैकी किती ते लिहा. नावावरून ओळखता आली नाहीत, अशी किती होती तेही नोंदवा.

कष्टाकडे पाहणारे लेखन हवे असेल, तर मिअर्ल लॅडरमन यूकलीस या स्त्री-कलावंताचा १९६९चा जाहीरनामा वाचा. मूल झाल्यानंतर घरकाम आणि कलाकाम यांची ओढाताण सोसत असताना त्यांनी तो लिहिला. धुणे, पुसणे, केर काढणे, बाळाचे कपडे बदलणे ही सगळी राखणीची कामे त्यात ओळीने येतात, आणि त्यातच हा प्रश्न : क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार? तो प्रश्न त्यांनी कागदावर सोडून दिला नाही. १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांना भेटून, प्रत्येकाशी हस्तांदोलन करून त्यांनी आभार मानले. ज्या लेखनातून पुढची कृती निघते, त्यात भाषण करायला जागाच उरत नाही.

आता तुमच्या लेखाकडे. एक वस्तू निवडा. समजा, दालनातला पांढरा चौथरा. तो कोणी केला, कोणी उचलून आणला, कोणी रंगवला, पैसे कोणी दिले, तो रोज कोण पुसतो, आणि त्यावरची वस्तू पाहायला कोण कधीच येत नाही? या सहा प्रश्नांची उत्तरे मिळवा. तीन प्रकारचे पुरावे जमवा : एखादा कागद (बिल, करार, अहवाल), स्वतः पाहिलेले काही, आणि कोणाशी तरी झालेले बोलणे. प्रत्येक नोंदीपुढे तारीख टाका. लेखाचे पहिले दोनतृतीयांश या पुराव्यांना द्या, मग मत मांडा. 'समाज', 'व्यवस्था', 'आपण सारे' हे वाक्याचे कर्ते झाले असतील तर तिथे थांबा, कारण काही करणारा नेहमी कोणी विशिष्ट माणूस, कचेरी किंवा नियम असतो. आणि ज्या पैशांवर टीका करता, त्याच पैशांतून तुमचे प्रदर्शन झाले असेल, तर ते लेखातच सांगा. वाचकाला दुसरीकडून कळले तर बाकीचा लेख वाया जातो.

चित्रओळीनेही, म्हणजे कामासोबतच्या छोट्या माहितीच्या ओळीनेही, हे काम होते, हे विसरू नका. फ्रेड विल्सन या कलावंताने १९९२ साली बाल्टिमोरच्या एका ऐतिहासिक संग्रहालयात एकाच काचपेटीत नक्षीदार चांदीची भांडी आणि गुलामांच्या पायांतल्या लोखंडी बेड्या शेजारी शेजारी ठेवल्या. वर चिठ्ठी एकच : 'धातुकाम, १७९३–१८८०'. दोन्ही वस्तू त्याच संग्रहातल्या. चिठ्ठीतला शब्द न् शब्द खरा होता.

प्रश्न : मी रस्त्यावर राहणाऱ्या माणसांची छायाचित्रे आणि रेखाटने करतो आणि त्यांच्यावर लिहितोही. हे त्यांचा वापर करणे आहे का?

वापर होऊ शकतो आणि तो चांगल्या हेतूनेही होतो. कलावंत मार्था रॉसलर यांनी १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावर काम केले. दारुड्यांसाठी कुप्रसिद्ध असा तो रस्ता. त्यांनी एकाही माणसाचे छायाचित्र घेतले नाही. फक्त दुकानांचे दर्शनी भाग, रिकाम्या पायऱ्या, बाटल्या, आणि शेजारी नशेसाठी वापरले जाणारे बोलीतले शब्द टाइप करून. चित्र आणि शब्द या दोन्ही पद्धती त्या जगण्याला अपुऱ्या आहेत, हे त्यांनी कामाच्या शीर्षकातच सांगितले. पुढे १९८१च्या निबंधात त्यांनी समाजदर्शी छायाचित्रणाची कठोर झडती घेतली. छायाचित्रकार डोरोथिआ लँगने १९३६ साली काढलेले स्थलांतरित आईचे छायाचित्र जगभर गाजले, पण त्यातल्या बाईने पुढे वार्ताहरांना सांगितले की, त्याचा आपल्याला काही फायदा झाला नाही.

प्रत्यक्षात काय पाळता येईल? माणसाला त्याच्या भाषेत सांगा की हे कुठे छापले जाणार आणि कोण पाहणार. 'छापणार' एवढे पुरत नाही, आधीचा एखादा अंक दाखवा. मजकूर छपाईला जाण्याआधी वाचून दाखवा आणि अमुक तारखेपर्यंत तुम्ही नको म्हणू शकता, असे स्पष्ट सांगा. नाव द्यायचे की नाही हे त्याला ठरवू द्या. त्याच्या मनात काय चालले होते ते तुम्ही लिहू नका, तो काय बोलला आणि त्याने काय केले ते लिहा. 'तिच्या डोळ्यांत शतकांची वेदना होती' असल्या वाक्यात ती बाई कुठेच नसते. चित्र विकले गेले तर तिचा वाटा किती, हा प्रश्न आधीच सोडवा. विक्रीनंतर तो सोडवायला कोणालाच सवड होत नाही. नशेत असलेल्या, आजारी किंवा अल्पवयीन व्यक्तीची संमती ही संमती नव्हे.

प्रश्न : मित्राच्या प्रदर्शनावर परीक्षण लिहायला सांगितले आहे. नकार द्यावा का?

द्यायची गरज नाही. लहान कलाविश्वात सगळेच एकमेकांना ओळखतात. अनोळखी समीक्षकाची वाट पाहिली तर लिहिणार कोण? पहिल्या परिच्छेदात ओळख सांगा आणि पुढे चला. तुमच्याकडे त्याचे काम असेल किंवा तुम्ही एकत्र प्रदर्शन करणार असाल तर मात्र लिहू नका.

डोनाल्ड जड १९५९ ते १९६५ या काळात न्यूयॉर्कच्या नियतकालिकांसाठी परीक्षणे लिहीत असे. शिल्पकार म्हणून त्याचे नाव झाले ते नंतर. ती परीक्षणे बहुधा एखाद्या परिच्छेदाची : वस्तू कशाची आहे, केवढी आहे, भाग एकमेकांना कसे जोडले आहेत, आणि मग जमले की नाही. आवडले नाही तर तो सरळ सांगे. आधी वर्णन केलेले असल्यामुळे वाचकाला त्याच्याशी असहमत होता येते. हेच उत्तम परीक्षणाचे लक्षण आम्ही मानतो.

दालनात दोनदा जा, उद्घाटनाच्या दिवशी नको. पहिल्या खेपेस एकही चिठ्ठी किंवा निवेदन न वाचता सगळे पाहा आणि परतल्यावर काय आठवते ते लिहा. दुसऱ्या खेपेस त्यांतली दोन किंवा तीन कामे निवडून प्रत्येकासमोर किमान दहा मिनिटे उभे राहा. लांबून, हातभर अंतरावरून, बाजूने. कडा पाहा, कॅनव्हास चौकटीवर कसा वळवला आहे ते पाहा. तिथे घाई आणि निगा दोन्ही लपत नाहीत. सहाशे शब्दांत दहा कामांची नावे घेतलीत तर एकही नीट लिहून होत नाही.

प्रश्न : लेखासोबत छायाचित्रे देताना कोणाची परवानगी लागते? आणि छापल्यावर चित्र काळे, ओशट का दिसते?

परवानग्या दोन, आणि लोक एकच घेतात. चित्राचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे चित्रकाराकडे असतो, त्याच्या मागे वारसांकडे. चित्र विकत घेणाऱ्याकडे फक्त ती वस्तू जाते. शिवाय छायाचित्र काढणाऱ्याचा हक्क वेगळा असू शकतो, विशेषतः शिल्पाच्या बाबतीत. बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट कलावंताच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकतो. अनेक देशांत ही मुदत ६० किंवा ७० वर्षे आहे, तेव्हा आपल्या देशाचा कायदा पाहा. परीक्षणात उल्लेखापुरते चित्र वापरण्याची मुभा बहुतेक कायद्यांत असते, पण मुखपृष्ठ, भेटकार्ड किंवा जाहिरात यांना ती लागू नाही. परवानगी लेखी घ्या आणि तिच्यात छापील अंक व संकेतस्थळ दोन्ही लिहा.

चित्रओळ या क्रमाने लिहावी : कलावंत, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार, संग्रह, छायाचित्रकार. आकारात आधी उंची, मग रुंदी, मग खोली, सेंटिमीटरमध्ये. उंची-रुंदीची अदलाबदल झाली की उभे चित्र आडवे असल्याची समजूत पसरते आणि पुढची सगळी पुस्तके तीच चूक उचलतात. 'मिश्र माध्यम' लिहून सुटका करून घेऊ नका. काय काय मिसळले आहे ते लिहा, म्हणजे उद्या दुरुस्ती करणाऱ्यालाही उपयोग होईल.

छपाईत चित्र बिघडण्याचे कारण बहुधा छायाचित्र काढतानाच घडलेले असते. कॅमेऱ्याचे भिंग चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि चित्राला समांतर हवे, नाहीतर आयताचा पतंग होतो. एकाच प्रकारचे दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, चित्रापासून सारख्या अंतरावर लावा. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड मिसळला की अर्धे चित्र निळसर आणि अर्धे पिवळट येते, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. एका फोटोत राखाडी कार्ड धरून ठेवा, म्हणजे रंग जुळवायला आधार मिळतो. छपाईच्या मापाला ३०० पिक्सेल प्रति इंच लागतात. १५ सेंटिमीटर रुंद छापायचे तर साधारण १,८०० पिक्सेल रुंदी हवी. निरोपांच्या अॅपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्र बहुधा दाबून छोटे होते, तेव्हा मूळ फाइल दस्तऐवज म्हणून किंवा ई-मेलने पाठवा. ओशटपणा बहुतेकदा वार्निशवरच्या चमकेमुळे येतो. दिव्यांचा कोन बदला, गरज पडली तर भिंगावर ध्रुवण-फिल्टर लावा. काळेपणा टाळायला छपाईच्या रंगपद्धतीत केलेला नमुना कागदावर काढून पाहा. स्वतः उजळणाऱ्या पडद्यावर पाहून 'ठीक आहे' म्हणू नका.

प्रश्न : जे काम फक्त फोनवर पाहिले आहे, त्यावर लिहिणे योग्य आहे का?

लिहा, पण तसे सांगून लिहा. पडद्यावर आकार कळत नाही, पोत कळत नाही, किती वेळ आणि किती अंतरावर उभे राहायचे ते कळत नाही, म्हणून त्यांबद्दल विधान करू नका. कामाची मांडणी, विषय, त्यावरची चर्चा यांबद्दल बोलता येते. हितो श्टायर्ल या कलावंत-लेखिकेने २००९ साली निकृष्ट प्रतिमेच्या बाजूने एक निबंध लिहिला. पुन्हा पुन्हा कॉपी होऊन, दाबली जाऊन अस्पष्ट झालेल्या प्रतिमेचीही स्वतःची वाटचाल असते. ती कोणाकोणाच्या हातांतून गेली आणि मूळ प्रत कोणाला पाहायला मिळतच नाही, हे त्या झिजेत दिसते. म्हणजे तुम्ही फोनवर पाहिलेली प्रत हाच लेखाचा विषय होऊ शकतो. ती कुठून आली, कोणी कापली, कोणाचे नाव गळले, हे शोधून लिहा.

प्रश्न : पंधरा वर्षांत लिहिलेले लेख, टिपणे, व्याख्याने पडून आहेत. संग्रह काढावा असे मित्र म्हणतात. जुने लेख सुधारून घ्यावेत का?

मते सुधारू नका. तेव्हा जे वाटले ते तेव्हाचे म्हणून राहू द्या. मत बदलले असेल तर लेखाखाली तारखेसह टीप द्या. तपशिलाच्या चुका, म्हणजे सन, नावे, आकार, माध्यम, मात्र दुरुस्त करा. जडच्या लेखनाचा संग्रह १९७५ साली निघाला, तेव्हा त्यात एकेका परिच्छेदाची छोटी परीक्षणेही घेतली होती. आज ती त्या वर्षांतल्या न्यूयॉर्कच्या दालनांची नोंदवहीच झाली आहे. त्यामुळे 'किरकोळ' म्हणून बाजूला टाकलेले लेखन एकदा परत चाळा. बंद पडलेल्या दालनांची, नंतर कुठेच न दिसलेल्या चित्रांची एकमेव नोंद कदाचित त्यातच असेल.

वह्यांतले लेखन घ्यायचे तर नुसता मजकूर जुळवून घेऊ नका. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या डायऱ्यांत रेखाटन आणि मजकूर एकाच पानावर शेजारी येतात. रेखाटन काढून टाकले की वाक्य पोरके होते. अशी पाने छायाचित्रासारखी छापा आणि अक्षर लागत नसेल तर समोरच्या पानावर मजकूर द्या.

प्रत्येक लेखाखाली तो कधी लिहिला आणि पहिल्यांदा कुठे छापला किंवा वाचला गेला ते द्या. व्याख्यानाचा मजकूर असेल तर पडद्यावर दाखवलेल्या चित्रांची यादी जोडा, कारण 'हे पाहा' आणि 'आता दुसऱ्याकडे वळू' अशी वाक्ये चित्रांशिवाय निरर्थक होतात. क्रम कालानुसार ठेवा. विषयवार विभागणी करायचा मोह होतो, पण तिच्यात एका वर्षी एकाच वेळी तुम्ही कशाकशाचा विचार करत होता ते हरवते. शेवटी नामसूची द्या : माणसे, कामे, संस्था, माध्यमे. ती करायला साधारण दोन आठवडे मोकळे ठेवा, आणि पानांची जुळणी पक्की झाल्यावरच सुरू करा, नाहीतर सगळे पृष्ठांक पुन्हा टाकावे लागतील.